साखर, ताडी आणि निखारे

सणाच्या गोड पावामागचे विज्ञान आणि पालघर किनाऱ्याची जुनी रीत

पाव फुगवणे आणि पाव गोड करणे ही दोन कामे एकाच पिठात एकमेकांच्या आड येतात. साखर थोडी असेल तर ती यीस्टचे, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या एकपेशीय बुरशीचे, अन्न ठरते. परंतु तीच साखर वाढवत नेली की यीस्ट मंदावते, पीठ जड राहते आणि भाजल्यावर पावाऐवजी गोड वीट हाती येते. तूप, अंडी आणि वेलदोडा-जायफळ यांनी नटलेला सणाचा पाव रोजच्या पावापेक्षा अवघड मानला जातो तो यामुळेच, आणि इटलीतील मिलान शहराच्या पानेत्तोने या नाताळच्या पावासाठी पीठ टप्प्याटप्प्याने दीर्घकाळ आंबवावे लागते त्याचेही कारण हेच आहे. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, वसईपासून तारापूर-डहाणूमार्गे थेट बोर्डीपर्यंत, या अडचणीला ताडी नावाचे एक जुने उत्तर आहे. आणि ते उत्तर का लागू पडते हे समजून घेतल्यास ताडी न वापरताही, बोईसरच्या एखाद्या सदनिकेतील गॅसच्या शेगडीवर, गोड पाव नीट फुगवता येतो.

ताडीवर फुगणारे कुटुंब

पालघरचा किनारा हा भाताचा प्रदेश असून गहू येथे पूर्वापार बाहेरूनच येत आला आहे, परंतु ताड आणि शिंदी ही झाडे मात्र येथे बांधाबांधावर उभी आहेत. ताडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या दांड्याला, रोज पातळ काप देऊन रस मडक्यात जमवला जातो, तर शिंदीच्या बाबतीत शेंड्याजवळच्या खोडालाच खाच पाडली जाते आणि हिवाळ्याच्या थंड रात्री तिच्यातून रस पाझरतो. हा रस ताजा व गोड असेपर्यंत त्याला नीरा म्हणतात आणि आंबल्यावर ताडी. कोकण किनाऱ्यावर हे काम परंपरेने भंडारी समाजाच्या हाती राहिले.

ताडीने पीठ फुगवण्याची रीत या पट्ट्यातील अनेक समाजांत आढळते. वसईच्या ख्रिस्ती घरांत तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे सांदण वाफवले जाते (फणसाच्या रसाचे कोकणी सांदण हा निराळा पदार्थ), आणि लग्नकार्यात व नाताळात मैद्याचे आंबवलेले, तळून गोलसर फुगवलेले फुगे केले जातात. पारशी घरांत गव्हाचे पीठ किंवा रवा, तूप, साखर, अंडी आणि ताडी यांचे भाखरा तळले जातात, तर जवळपास त्याच सामग्रीचा कुमास भांड्यात घालून खाली-वर निखारे ठेवून भाजला जातो. केक आणि पाव यांच्या सीमेवर उभा असलेला हा कुमास म्हणजे या किनाऱ्याचा, घरातच भाजला जाणारा सणाचा गोड पाव होय.

पारशी समाजाचे या भूमीशी असलेले नाते जुने आहे. परंपरेनुसार पारशांची जुनी वसाहत असलेल्या संजाणवरील आक्रमणानंतर इराणशाह हा पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरातील गुहांमध्ये बारा वर्षे सांभाळला गेला, आणि पुढे अनेक मुक्कामांनंतर १७४२ मध्ये तो उदवाड्यास स्थिरावला. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील सावकारीमुळे नावारूपास आलेले विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू मूळचे तारापूरचे होते. खुद्द तारापूर, डहाणू आणि वसई ही ठाणी १७३९ च्या मराठी मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि मराठीतील पाव हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे. गहू, भट्टी आणि पाव यांची सवय एका बाजूने आली, ताडी दुसऱ्या बाजूने येथे होतीच, आणि या दोहोंच्या भेटीतून हे पदार्थकुल किनारपट्टीवर रुजले, असे म्हणता येते.

मडक्यात काय घडते

ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस जवळजवळ उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा असतो, आणि त्यात साधारण १० ते १४ टक्के साखर असून तिचा बहुतेक भाग आपल्या नेहमीच्या साखरेचाच, म्हणजे सुक्रोजचा असतो. झाडावरच्या कापातून, हवेतून, कीटकांच्या पायांवरून आणि मुख्यतः आदल्या दिवशीच्या मडक्यातून सूक्ष्मजीव या रसात उतरतात आणि रस ठिबकत असतानाच आंबण्यास आरंभ होतो. नीरा गोड ठेवायची असेल तेव्हा मडक्याला आतून चुना लावतात, तो यासाठी की त्याच्या अल्कतेत या जीवांची वाढ खुंटावी.

मडक्यातील या समुदायात मुख्यतः तीन प्रकारचे कामकरी असतात. पहिले यीस्ट, त्यातील सॅकरोमायसिस या नावाचा शब्दशः अर्थच साखरेची बुरशी असा असून, तेच जगभरच्या बेकऱ्यांत पाव फुगवते. दुसरे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू, म्हणजे दह्यातील जीवाणूंचे भाऊबंद, जे रसाला आंबटपणा देतात. तिसरा झायमोमोनास नावाचा जीवाणू, जो यीस्टप्रमाणेच साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो आणि उष्ण प्रदेशातील ताडरसांत व मेक्सिकोतील पुल्के या घायपाताच्या पेयात आढळतो. यांच्या एकत्रित कामामुळे पहाटेची गोड नीरा काही तासांतच फेसाळ, आंबटगोड ताडी होते, दिवसभरात तिच्यातील अल्कोहोल साधारण ४ ते ६ टक्क्यांपर्यंत चढते, आणि मग ॲसिटिक आम्लाचे जीवाणू हवेच्या साहाय्याने त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करू लागतात.

पीठ फुगवण्यासाठी या क्रमातील सर्वच वेळा सारख्या उपयोगी नसतात. अगदी ताज्या रसात जीवांची संख्या अपुरी असते आणि शिळ्या ताडीत आम्ल इतके वाढलेले असते की पिठातील प्रथिनांचे जाळे सैल पडते. म्हणून तोंडाशी फेस जोमाने येत असलेली, गोडी पूर्ण न गेलेली ताडीच या कामी लागते. मडक्यावरचा फेस म्हणजे जिवंत यीस्टने सोडलेला वायू असल्याने, तो पाहून ताडी पारखणे ही यीस्टची ताकद मोजण्याचीच एक घरगुती पद्धत ठरते.

साखरेचे ओझे

यीस्टला साखर हवी असते, पण किती, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. यीस्टने १ ग्रॅम ग्लुकोज आंबवले तर त्यापासून जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि उबदार स्वयंपाकघरात त्याचे आकारमान पाव लिटरहून थोडे अधिक भरते. पाव किलो मैद्याचे, सर्व सामग्रीसह सुमारे अर्धा किलो वजनाचे पीठ एकदा दुप्पट फुगण्यास अर्ध्या लिटरहून कमी वायू पुरतो. म्हणजे निसटून जाणारा वायू धरूनही सुमारे २ ग्रॅम, अर्धा चमचा, साखर त्या कामाला पुष्कळ झाली. एवढी साखर तर मैद्यातील स्टार्च विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने फुटून पिठातच तयार होते. गोड पावात घातली जाणारी उरलेली सगळी साखर ही खाणाऱ्यासाठी असते, यीस्टच्या दृष्टीने ते केवळ ओझे असते.

हे ओझे परासरणाचे आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूस दाट आणि दुसऱ्या बाजूस पातळ द्रावण असेल तर पाणी दाट बाजूकडे ओढले जाते, या घटनेला परासरण म्हणतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते ते याच कारणाने. पाव किलो मैद्यात ४५ ग्रॅम साखर घातली तर ती मैद्याच्या १८ टक्के भरते आणि फारशी वाटत नाही, परंतु साखर मैद्यात विरघळत नसून पिठातील पाण्यात विरघळते, आणि ते पाणी दूध व अंडी मिळून जेमतेम १४० ग्रॅम असते. त्यामुळे यीस्ट ज्या द्रवात जगते तो सुमारे २४ टक्क्यांचा पाक होतो, म्हणजे ताडाच्या रसाच्या जवळपास दुप्पट गोड. अशा पाकात यीस्टच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशी आक्रसते आणि तिचे काम मंदावते.

या संकटात यीस्टचीच एक सवय भर घालते. यीस्टच्या पेशीभित्तीत इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, जे सुक्रोजच्या प्रत्येक रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन रेणूंत विभाजन करते. परासरणाचा दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असल्याने, साखर फुटताच कणांची संख्या दुप्पट होते आणि पाक यीस्टसाठी अधिकच जाचक ठरतो. कारखान्यात गोड पावासाठी मुद्दाम निवडलेल्या यीस्टच्या वाणांत हे विकर बेताचे असते. यीस्टचा बचावही आहे: ते स्वतःच्या पेशीत ग्लिसरॉल हा गोडसर पदार्थ तयार करून आतील दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीस आणते, पण त्यासाठी त्याला काही तास आणि काही साखर खर्चावी लागते.

ताडीचे बळ येथे दिसते. तिच्यातील यीस्ट आधीच गोड रसात वाढलेले, म्हणजे साखरेच्या दाबाशी काही प्रमाणात सरावलेले असते. ताडीच पिठातील पाण्याची जागा घेत असल्याने जीवांची मोठी फौज एकदम पिठात उतरते. आणि ताडीवरचे पीठ रात्रभर मुरत ठेवण्याची रीत असल्याने ग्लिसरॉल बनवण्यास लागणारा वेळही यीस्टला मिळतो. सरावलेले जीव, त्यांची मोठी संख्या आणि भरपूर वेळ या तीन गोष्टी जुळल्या की साखरेचे ओझे पेलवते, आणि यातील शेवटच्या दोन गोष्टी ताडीशिवायही साधता येतात.

जाळे आणि तूप

वायू तयार होणे हा अर्धाच भाग झाला. तो पिठात अडकून राहणे हा दुसरा भाग. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात, जी पाणी मिळताच आणि मळणे सुरू होताच एकमेकांत गुंतून ग्लूटेन नावाचे ताणले जाणारे जाळे विणतात. तांदळात असे जाळे होत नाही, आणि म्हणूनच सांदणाचे पीठ मळले न जाता वाटले जाते व त्याचा दाटपणाच वाफेने घट्ट होईपर्यंत वायूचे बुडबुडे धरून ठेवतो.

गोड पावात हे जाळे दोन बाजूंनी अडते. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेत असल्याने प्रथिनांना ते उशिरा मिळते, आणि तूप प्रथिनांच्या धाग्यांवर लेप देऊन त्यांना एकमेकांत गुंतू देत नाही. करंजीच्या पारीला मोहन घालतात ते नेमके हे जाळे तोडून पारी खुसखुशीत करण्यासाठी. पावात मात्र तेच मोहन आरंभी घातले तर पाव खुसखुशीत तर होत नाहीच, फुगतही नाही. त्यामुळे आधी मैदा, दूध आणि यीस्ट मळून जाळे तयार करावे आणि पीठ बोटांनी पातळ पडद्यासारखे ताणता येऊ लागल्यावरच मऊ तूप थोडेथोडे मुरवावे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

दुधाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराची सवय आपोआपच योग्य आहे. कच्च्या दुधाच्या निवळीतील प्रथिने जाळे सैल करतात आणि दूध उकळल्याने त्यांचा हा गुण नाहीसा होतो, तेव्हा उकळून कोमट केलेले दूध घेणे श्रेयस्कर. मसाल्यांपैकी दालचिनी मात्र जपून वापरावी लागते, कारण तिला सुगंध देणारे सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टच्या वाढीस अटकाव करते. ती पिठात मळण्याऐवजी थरांमध्ये भुरभुरणे बरे.

वाफ, तूप आणि निखारे

ताडीवर फुगलेले हे पदार्थ एकाच आंबवणीची लेकरे असली, तरी त्यांना मिळणारी उष्णता निराळी असल्याने त्यांची रूपे निराळी होतात. सांदणाला वाफ मिळते, आणि वाफेचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नसल्याने ते पांढरेशुभ्र व मऊ राहते. भाखरा आणि फुगे १७० ते १८० अंशांच्या तुपा-तेलात पडतात, त्यांच्या पृष्ठभागावरील पाणी क्षणात वाफ होऊन निघून जाते आणि तपकिरी कवच तयार होते. हा तपकिरी रंग आणि त्याबरोबर येणारा खमंग वास मेलार्ड अभिक्रियेचा, म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि साखर यांच्या तापलेल्या संयोगाचा असतो, आणि ती साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेत असल्याने ओल्या वाफेत तिला वाव मिळत नाही.

कुमासाच्या वाट्याला येतात निखारे. जाड बुडाच्या भांड्याखाली मंद निखारे ठेवतात आणि झाकणावरही निखारे पसरतात, तेव्हा बुडाकडून येणारी उष्णता धातूला लागून वहनाने चढते, तर वरची उष्णता तापलेल्या झाकणाकडून प्रारणाने, म्हणजे उन्हाप्रमाणे स्पर्शाविना, पिठावर पडते. प्रारणाने मिळणारी उष्णता केवलमानातील, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या, तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते, हा नियम एकोणिसाव्या शतकात श्टेफान आणि बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन वैज्ञानिकांनी मांडला. त्यानुसार झाकण १५० अंशांवरून २५० अंशांवर गेले की त्याच्याकडून पडणारी उष्णता दुपटीहून अधिक होते. झाकणावरच्या मूठभर वाढीव निखाऱ्यांनी पृष्ठभाग करपू शकतो, आणि निखाऱ्यांवर राखेचा थर धरू दिल्याने तो वाचतो, याचे कारण या नियमात आहे. बुडाला पीठ थेट टेकलेले असल्याने खाली निखारे कमी आणि वर अधिक ठेवणे, हा या भाजणीतला शहाणपणा होय.

भांड्याच्या आत पीठ तापू लागले की पहिली काही मिनिटे ते जोमाने उसळते, कारण वायू प्रसरण पावतो, पिठातील ओलाव्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो, अल्कोहोलची वाफ होते आणि यीस्टही शेवटचा जोर लावते. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरते. त्यानंतर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, ७० ते ८० अंशांच्या टप्प्यात ग्लूटेनचे जाळे घट्ट होते आणि पावाचा आकार कायम होतो. गाभा ९३ ते ९५ अंशांस पोहोचला की पाव भाजला गेला असे समजावे. साखर आणि दुधातील, यीस्टला न पचणारे लॅक्टोज यांमुळे गोड पावाचे कवच लवकर तांबूस होते, आणि म्हणून साध्या पावाला २२० अंशांपर्यंतचा ओव्हन चालतो तेथे गोड पावाला १७० ते १८० अंश पुरतात. अन्यथा वरून काळा आणि आतून कच्चा असा पाव पदरी पडतो.

बोईसरच्या स्वयंपाकघरात

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि शेजारच्या बोईसरमध्ये देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहू लागली. या घरांत निखारे नाहीत, अनेकांकडे ओव्हनही नाही, आणि ताडी मिळाली तरी ती निर्भेळ असेलच याची खात्री नसते. ताडीत क्लोरल हायड्रेटसारख्या गुंगी आणणाऱ्या द्रव्यांची भेसळ केल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेत. परवानाधारक व खात्रीच्या ठिकाणची ताजी ताडी नसेल तर कोरडे यीस्ट वापरणे हाच सुज्ञ मार्ग होय.

पाव किलो मैद्यासाठी १२० मिलिलिटर दूध, १ अंडे, ४५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम तूप, ४ ग्रॅम इन्स्टंट कोरडे यीस्ट, अर्धा चमचा मीठ, वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ, असे घरगुती प्रमाण धरता येते. यातील १०० ग्रॅम मैदा, ९० मिलिलिटर कोमट दूध, सगळे यीस्ट आणि जेमतेम अर्धा चमचा साखर एवढेच प्रथम कालवून झाकून ठेवावे. या सैल आंबवणाला बेकरीच्या भाषेत स्पंज म्हणतात. त्यात परासरणाचा ताण नाममात्र असल्याने यीस्ट निर्वेध जागे होते, आणि ३० ते ४५ मिनिटांत कालवण बुडबुड्यांनी भरून मधोमध किंचित खचू लागले की ते तयार झाले असे ओळखावे. मग उरलेला मैदा, दूध, अंडे आणि मीठ घालून दहा मिनिटे मळावे, साखर दोन-तीन हप्त्यांत घालावी, आणि शेवटी तूप मुरवावे. साखर पडताच पीठ सैल व चिकट होते. ते पाहून वरून मैदा भुरभुरण्याचा मोह आवरावा, कारण मळत राहिल्यास जाळे पुन्हा आवळते आणि जादा मैद्याने पाव कोरडा होतो.

फुगण्यास किती वेळ लागेल हे घड्याळापेक्षा हवा ठरवते. यीस्टचा वेग, सोयीच्या मर्यादेत, तापमान १० अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होतो. त्यामुळे पतेतीच्या पारशी सणाच्या सुमारास, ऑगस्टच्या उबदार दमट हवेत, जे पीठ दीड तासात दुप्पट होते त्याला नाताळच्या गार पहाटे तीन तास लागू शकतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा मैदा हवेतील ओलावाही शोषून घेतो, तेव्हा दूध दोन चमचे कमी घेऊन आरंभ करणे इष्ट. पीठ दुप्पट झाले की हलक्या हाताने वायू काढून, तूप लावलेल्या डब्यात ठेवून, पुन्हा पाऊणपट फुगू द्यावे. बोट टेकवल्यावर पडलेला खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला म्हणजे भाजण्याची वेळ झाली.

ओव्हन नसल्यास मिठागरावरचे जाडे मीठ कामी येते. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा बोटभर थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे पातेले तापवावे, आणि मग डबा आत ठेवून आच मंद करावी. मीठ ज्योतीची उष्णता साठवून बुडावर सारखी पसरवते आणि तिवईमुळे डब्याचा तळ थेट धातूला लागत नाही. मात्र वरून प्रारण मिळत नसल्याने पाव वर फिका राहतो. त्यावर उपाय जुन्या निखाऱ्यांचाच आहे: दुसऱ्या शेगडीवर खूप तापवलेला लोखंडी तवा शेवटची दहा मिनिटे झाकणावर पालथा घालावा. कुकर वापरल्यास त्याची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवणे आवश्यक आहे. ३५ ते ४५ मिनिटांनी गाभ्यात टोचलेली सळई कोरडी निघाली की पाव बाहेर काढून जाळीवर निवू द्यावा, आणि पूर्ण निवेपर्यंत कापू नये, कारण तोवर आतील स्टार्चचा लगदा घट्ट होत असतो.

पाव अधिक गोड हवा असेल तर साखर पिठात वाढवण्यापेक्षा ती यीस्टच्या वाटेतून दूर ठेवणे शहाणपणाचे. बेदाणे, खजूर किंवा बोर्डी-घोलवडकडे मिळणाऱ्या वाळवलेल्या चिकूच्या कापांचे तुकडे शेवटी मिसळले तर त्यांतील साखर फळातच अडकून राहते आणि पिठातील पाण्यात फारशी उतरत नाही. पानेत्तोनेत आणि जर्मन श्टोलेनमध्ये सुक्या फळांचा मारा असतो त्यामागे चवीइतकीच ही सोयही आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याचा वाळवलेला काप स्थानिक सणाच्या पावात शोभूनही दिसतो. याखेरीज भाजून निघालेल्या गरम पावावर साखरेचा पाक फिरवता येतो, तेव्हा यीस्टचे काम संपलेले असते.

शिळेपणाचे गणित

पाव शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा रांगेने स्फटिकासारखे जुळू लागतात आणि पाव ताठरतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानास सर्वाधिक वेगाने चालते, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणे ही तो लवकर शिळा करण्याचीच युक्ती ठरते. एक-दोन दिवसांसाठी डबा आणि अधिक दिवसांसाठी फ्रीजरचा कप्पा योग्य. साखर आणि तूप या जुळणीत अडथळा आणतात, त्यामुळे फुगताना छळणारी हीच द्रव्ये पुढे पाव दोन दिवस अधिक मऊ ठेवतात. ताडीवरच्या पावाला आणखी एक लाभ होतो, तो असा की तिच्यातील लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्लांमुळे बुरशी उशिरा धरते आणि गोडाला किंचित आंबट धार येते. कोरड्या यीस्टच्या पावात ही चव नसते. कालवणात दोन चमचे दुधाऐवजी तेवढेच ताजे दही घातल्यास तिच्या जवळ जाता येते, पण शिंदीच्या रसाचा वास दह्याने येत नाही.

जुन्या घरांत ही रीत मापाने नव्हे तर हाताच्या अंदाजाने पुढे गेली, आणि ताडी काढणारे हात व निखाऱ्यांवर भाजणारी घरे दोन्ही कमी होत असताना तो अंदाज वजनात आणि अंशांत लिहून ठेवण्याजोगा आहे. मैदा, साखर आणि दूध यांची वजने, खोलीचे तापमान आणि पीठ दुप्पट होण्यास लागलेला वेळ, एवढ्या पाच नोंदी स्वयंपाकघरातील वहीत प्रत्येक वेळी केल्या तर तिसऱ्या-चौथ्या पावापासून चुका आपोआप सापडू लागतात. आणि गोड पाव बसलाच, तर यीस्टच्या पाकिटाला दोष देण्याआधी साखर किती घातली हे त्या वहीत पाहावे, आणि ती केव्हा घातली हे आठवावे.